‘हातभार’ : श्रम, शाळा आणि मराठीतील बालपणाचा संकेत

१

मराठीतील बालपणविषयक लेखनाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन स्वतंत्र दालनांत होत आली आहे. पहिल्या दालनात संस्कार, वात्सल्य, निरागसता आणि स्मरणरंजन यांचा विचार होतो. तेथे साने गुरुजी असतात, लक्ष्मीबाई टिळक असतात. दुसऱ्या दालनात शोषण, वेठ, उपासमार आणि विद्रोह यांचा विचार होतो. तेथे बाबूराव बागूल, नारायण सुर्वे, लक्ष्मण माने असतात. पहिल्या दालनातील समीक्षक मूल्यांची भाषा बोलतात, दुसऱ्यातील समाजशास्त्राची. या विभागणीमुळे एक महत्त्वाचा प्रश्न दोन्हीकडून निसटतो. तो असा : मुलाने केलेल्या कामाला ‘श्रम’ केव्हा म्हणायचे आणि ‘संस्कार’ केव्हा, याचा निर्णय मराठी साहित्याने कसा केला?

औद्योगिक युगातील बालमजुरी व शिक्षणसुधारणा यांचा इतिहास सामान्यतः कायदे, आयोग आणि आकडेवारी यांच्या आधारे लिहिला जातो. त्या इतिहासाला साहित्याचा संदर्भ दिला जातो तो पुराव्यापुरता. एखाद्या कादंबरीतील गिरणीचे वर्णन, एखाद्या आत्मकथनातील उपाशी मूल, असा. प्रस्तुत लेखात दिशा उलटी ठेवायची आहे. कायदा ज्या शब्दांनी मुलाच्या कामाची व्याख्या करतो, ते शब्द त्या समाजाच्या भावजीवनातून येतात, आणि या भावजीवनाची घडण साहित्यात स्पष्ट दिसते, अशी येथील भूमिका आहे. रेमंड विल्यम्स यांनी ज्याला भावसंरचना म्हटले आहे, तिच्या पातळीवर कायदा आणि कथा परस्परांना ओळखतात. मराठीपुरते बोलायचे तर या भावसंरचनेचा कळीचा शब्द ‘हातभार’ हा आहे. मूल घरात काम करते तेव्हा ते ‘कामाला’ असते असे आपण म्हणत नाही. ते ‘हातभार लावते’ असे म्हणतो. या शब्दात काम आहे, पण मजुरी नाही. हात आहे, पण त्या हाताचा वेळ कोणाच्या मालकीचा आहे याचा उल्लेख नाही.

या विचाराला नाशिक हे ठिकाण विशेष अनुकूल आहे. मराठीतील बालपणाची सर्वांत प्रभावी प्रतिमा नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतली ती ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, आणि १३ तारखेला ती पूर्ण केली. पुस्तकरूपाने ती १९३५ साली आली. ज्या फेब्रुवारीत हे लेखन झाले त्याच महिन्यात मध्यवर्ती कायदेमंडळाचा एक छोटासा कायदा अस्तित्वात आला : आईबापांनी किंवा पालकांनी मुलाचे श्रम गहाण टाकण्याचा करार रद्दबातल ठरविणारा १९३३ चा दुसरा कायदा. आणि नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवरील सिन्नर हे गाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच विडीच्या धंद्याचे केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले होते. पुस्तक, कायदा आणि धंदा यांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिन्ही ठिकाणी आई, बाप आणि कामाला लागलेले मूल हे एकच त्रिकूट आहे. ते तीन वेगळ्या भाषांत बोलते, आणि आपण त्यांपैकी एकच भाषा साहित्याची मानतो.

२

प्रथम कायद्याची भाषा पाहू. मुंबईतील गिरण्यांमधील कामाच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी १८७५ साली आयोग नेमला गेला. १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच बंधन त्याने घातले. तेही यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरते. १८९१ साली किमान वय नऊ आणि तासांची मर्यादा सात झाली. १९२२ साली वय बारा व तास सहा झाले. वय वाढत गेले, तास घटत गेले, कारखान्याची व्याख्या रुंदावत गेली. सुधारणेचा हा आलेख खराच आहे. पण या सर्व पायऱ्यांत एक गोष्ट कायम राहिली : कायद्याची नजर कारखान्याच्या फाटकावर उभी होती. मूल फाटकातून आत गेले की ते कायद्याला दिसे. बाहेर आले की दिसेनासे होई.

इंग्लंडमधील क्रम याहून वेगळा होता. तेथील १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने कामावरील मुलांना रोज दोन तास शाळेत पाठविण्याची अट घातली. १८४४ नंतर अर्धा वेळ काम व अर्धा वेळ शाळा ही पद्धत रूढ झाली. १८७० व १८८० च्या शिक्षणविषयक कायद्यांनी मुलाचा दिवस हळूहळू शाळेच्या ताब्यात दिला. या कायद्यांच्या आधी आणि बरोबरीने तेथे ब्लेकच्या कवितेतील धुराडी साफ करणारे पोर होते, डिकन्सची मुले होती. म्हणजे मुलाची साहित्यिक प्रतिमा आणि मुलाची कायदेशीर व्याख्या यांची तेथे गाठ पडली होती. आपल्याकडील १८८१ च्या कायद्यात शाळेची अट नव्हती. गिरणीतून वाचविलेले तास मुलाने कोठे घालवावेत याविषयी तो मौन पाळतो. ते मूल ‘घरी’ जाईल हे त्यात गृहीत आहे, आणि घर ही चौकशी करण्याची जागा नाही हेही गृहीत आहे.

हे गृहीतक पुढच्याच वर्षी तपासले गेले, आणि तेही एका मराठी लेखकाकडून. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे ही मागणी आहे. ती सर्वपरिचित आहे. तिच्या शेजारी आलेले निरीक्षण तितके परिचित नाही. मागासलेल्या वर्गांतील मुले शाळेत का येत नाहीत याचे कारण सांगताना फुले त्यांच्या गुराढोरांचा व शेताचा उल्लेख करतात. ही मुले घरच्या कामात गुंतलेली असतात. म्हणून नुसती शाळा काढून भागणार नाही, शिष्यवृत्ती व बक्षिसे यांची विशेष सोय हवी, असे ते सुचवितात. या सूचनेतील अर्थशास्त्र नीट वाचले पाहिजे. मुलाच्या घरकामाला किंमत आहे, ती किंमत घर सोसत आहे, आणि मुलाला शाळेत आणायचे तर ती कोणीतरी भरून दिली पाहिजे, असे येथे मानले आहे. ‘हातभार’ या शब्दाने झाकलेली गोष्ट फुले उघडी करतात. त्यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकाचा शेवटही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. नाटकातील कुणबी जोडपे अखेरीस रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय करते. शाळा रात्रीची असावी लागते, कारण दिवस आधीच विकला गेलेला असतो.

मराठी साहित्याने फुल्यांचा हा धागा पुढे नेला असता तर आपल्याकडील बालपणाच्या कथेचा आरंभ दिवसाच्या हिशेबापासून झाला असता. तसे घडले नाही.

३

‘श्यामची आई’मधील ‘पत्रावळ’ हे प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. पत्रावळ लावता न येणारा, शिकण्याचा कंटाळा करणारा श्याम अखेर ती लावायला शिकतो, एवढाच त्यातील घटनाभाग. पण या छोट्या प्रसंगात पुस्तकाची सगळी नीती साठलेली आहे. हाताला काम आले पाहिजे. कामात लाज नाही, न येण्यात आहे. आणि शिकविणाऱ्याचा कठोरपणा हे प्रेमाचेच रूप आहे. येथे काम म्हणजे स्वतःला घडविण्याचा मार्ग. पान निवडणे, पानाला पान जोडणे, काडी टोचणे या क्रियांतून मुलाचे मन वळण घेते. ‘वळण’ हा शब्द मराठीत हाताला, अक्षराला आणि स्वभावाला एकाच वेळी लागू पडतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

याच्या शेजारी दुसरे पान ठेवू. विडीसाठी टेंभुर्णीचे पान भिजवावे लागते, कात्रीने ठरावीक मापात कापावे लागते, त्यात तंबाखू भरून ते वळावे लागते, दोऱ्याने बांधावे लागते आणि तोंड दुमडून बंद करावे लागते. कंत्राटदार पाने व तंबाखू देतो. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. नापसंत विड्या बाजूला काढल्या जातात आणि त्यांचे नुकसान वळणाऱ्याच्या माथी बसते. मजुरी नगावर असल्यामुळे घरातील प्रत्येक मोकळा हात हा उत्पन्नाचा भाग होतो. दोरा बांधणे व तोंडे बंद करणे ही कामे लहान बोटांनाही जमतात. म्हणून या धंद्यात मुलाला ‘कामावर घेण्याची’ गरजच पडत नाही. आई सूप मांडीवर घेऊन बसते, मूल तिच्याशेजारी बसते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते घरच. १९२९ साली नेमल्या गेलेल्या व्हिटले आयोगाने विडीच्या कारखान्यांतील लहान मुलांच्या कामाची गंभीर दखल घेतली होती. गहाण पडणाऱ्या मुलांविषयीचा १९३३ चा कायदा हे त्याच चौकशीचे फळ. परंतु कारखान्यातून विडी घरात गेली की दखल घेणारे डोळे मागेच राहतात.

दोन्ही ठिकाणी मूल पानच वळते आहे, आईच्या नजरेखाली वळते आहे, आणि नीट न जमल्यास बोलणी खाते आहे. मग फरक कोणता? तो क्रियेत नाही, भावनेतही नाही. सिन्नरची आई पालगडच्या आईपेक्षा कमी मायाळू असते असे म्हणणे असभ्यपणाचे होईल. फरक त्या वस्तूच्या प्रवासात आहे. पत्रावळ घरातच वापरली जाते आणि जेवण झाले की टाकली जाते. ती बिघडली तर दुसरे पान घेता येते; कुटुंबाच्या मिळकतीला धक्का लागत नाही. विडी घराबाहेर जाते, मोजली जाते, नाकारली जाते. तिच्या मोजणीत घराबाहेरचा एक माणूस घरात येऊन बसलेला असतो, आणि मुलाने किती वेळ बसायचे हे आईऐवजी तो ठरवितो. आईची शिस्त आणि कंत्राटदाराची शिस्त येथे एकरूप होतात. श्यामच्या आईला जे स्वातंत्र्य आहे, म्हणजे ‘आज पुरे’ असे म्हणण्याचे, ते या आईला नाही.

‘श्यामची आई’ या कृतीवर गरिबी न पाहिल्याचा आरोप करता येणार नाही. कर्ज, सावकाराचा तगादा, पैसा नसलेल्यांची हेटाळणी, मिठामिरचीची ओढाताण हे सर्व त्यात आहे. कांडप करायला येणाऱ्या मथुरीची आजारपणातील काळजीही आहे. साने गुरुजी पुढे शेतकरी-कामगारांच्या लढ्यात उभे राहिले, पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी त्यांनी प्राण पणाला लावले. आक्षेप आहे तो लेखकावर नाही, आणि पुस्तकावरही फारसा नाही. आक्षेप आहे तो त्या पुस्तकातून आपण घडविलेल्या वाचनसंकेतावर. पुस्तकाची निवेदनपद्धती या संकेताला मदत करते, हेही खरे. मोठा झालेला, शिकलेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्री गोष्टी सांगतो. दिवसाचे काम संपले आहे. बालपणही संपले आहे. जे श्रम तो सांगतो ते सगळे फळाला आलेले श्रम आहेत, कारण त्यांचे फळ म्हणून सांगणारा स्वतःच समोर बसला आहे. शाळेची फी, दापोलीची पायपीट, परगावी राहण्याचे हाल हे सर्व शिक्षणाच्या वाटेवरचे कष्ट ठरतात. काम आणि शाळा यांच्यात येथे विरोध उरत नाही, कारण स्मृतीने तो आधीच मिटविलेला आहे. वाचकाच्या मनात मग एक समीकरण पक्के होते : घरातले काम म्हणजे संस्कार, आणि संस्कार म्हणजे अर्धे शिक्षण. श्यामच्या घरापुरते ते खरे असेलही. सर्व घरांना ते लावले की मात्र त्याचा अन्याय सुरू होतो.

४

हा अन्याय कायद्याच्या भाषेत कसा उमटतो ते आता पाहता येईल. १९३८ च्या मुलांच्या नोकरीविषयक कायद्याने काही धंद्यांतील कर्मशाळांत बारा वर्षांखालील मुलांना काम देण्यास बंदी केली. या धंद्यांच्या यादीत विडी वळण्याचे काम होते. १९८६ च्या बालकामगार कायद्यानेही ते बंदीच्या यादीत ठेवले. पण दोन्ही कायद्यांत बंदीच्या कलमालाच एक अपवाद जोडलेला होता. चालक आपल्या कुटुंबाच्या साहाय्याने जे काम करतो त्याला, तसेच सरकारने स्थापन केलेल्या वा मान्यता दिलेल्या शाळेला ही बंदी लागू नव्हती. दरम्यान १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने औद्योगिक जागेत मुलांना कामास लावण्यास मनाई केली. मात्र राहते घर औद्योगिक जागेच्या व्याख्येतून वगळले.

साहित्याच्या अभ्यासकाने या अपवादाची वाक्यरचना पाहावी. कुटुंब आणि शाळा ही दोन पदे येथे एकाच वाक्यात, एकाच क्रियापदाखाली आली आहेत. मुलाचे काम जेथे ‘काम’ राहत नाही अशा दोन पवित्र जागा म्हणून कायदा त्यांना शेजारी बसवितो. ‘श्यामची आई’ने मराठी मनात जी जुळणी केली, तीच ही. विधिज्ञांनी साने गुरुजी वाचले होते असे सुचवायचे नाही. एका विशिष्ट वर्गाला घर आणि शाळा एकमेकांची पूरक वाटत होती, कारण त्या वर्गाच्या घरांत ती तशी होतीच. आणि या वर्गाकडेच कथा लिहिण्याची व कायदा करण्याची साधने होती. मायरन वायनर यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, भारतात बालमजुरी टिकून राहिली आणि शिक्षण सक्तीचे झाले नाही याचे मुख्य कारण दारिद्र्यापेक्षा मध्यमवर्गाच्या व नोकरशाहीच्या समाजविषयक समजुतींत शोधावे लागते. या प्रतिपादनाला साहित्याकडून एक पुरवणी जोडावीशी वाटते. अशा समजुती केवळ मतांच्या रूपाने टिकत नाहीत. त्या आवडत्या पुस्तकांच्या रूपाने, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या प्रसंगांच्या रूपाने टिकतात. म्हणून त्यांच्याशी वाद घालणे कठीण जाते.

येथे एक गंभीर प्रतिवाद उभा राहतो आणि त्याला बगल देता येत नाही. श्रमाला शिक्षणातून हद्दपार करणे ही स्वतःच एक जातीय वृत्ती नाही काय? हाताने काम करणाऱ्यांना हीन लेखणाऱ्या समाजात, पुस्तकी शाळा हेच मुलाचे एकमेव उचित स्थान मानणे म्हणजे बुद्धीला हातापासून तोडणाऱ्या जुन्या उतरंडीलाच मान्यता देणे नव्हे काय? १९३७ साली वर्ध्याला मांडली गेलेली नई तालीमची योजना याच प्रश्नातून निघाली होती. हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणावा आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्चही निघावा, अशी तिची कल्पना. तिच्या पहिल्या अर्ध्या भागाशी वाद घालण्याचे कारण नाही. अडचण दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. मुलाने केलेली वस्तू विकली जाऊन शाळा चालायची म्हटली की वस्तू किती झाल्या हा प्रश्न वर्गात शिरतो, आणि त्याच्यामागोमाग कंत्राटदाराची मोजणीही. वर्ध्याच्या परिषदेतच के. टी. शहा यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाने या बाजूवर आक्षेप घेतला होता. तेव्हा श्रमाची प्रतिष्ठा आणि मुलाच्या श्रमाची विक्री या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पत्रावळ आणि विडी यांतील भेदही हाच आहे. श्रमाचा आदर करायचा तर त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणे हे पहिले पाऊल. मजुरीला ‘हातभार’ म्हणण्याने श्रमाचा आदर होत नाही, फक्त त्याचा दाम लपतो.

५

घर ही पवित्र जागा मानणाऱ्या संकेताला मराठीत निर्णायक हादरा बसला तो १९६० नंतर. बाबूराव बागूल हे १९३० साली नाशिकजवळच्या विहितगावी जन्मले; म्हणजे तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली जात होती तेव्हा ते जवळच्याच एका घरातील लहान मूल होते. बालपणीच ते मुंबईला माटुंग्याच्या लेबर कॅम्पात गेले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या त्यांच्या संग्रहातील ‘विद्रोह’ ही कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने मूलगामी आहे. शिकत असलेल्या मुलाने आपल्यामागे सफाईची नोकरी धरावी असा बापाचा हट्ट, आणि त्याला मुलाचा विरोध, हा तिचा संघर्ष. मुलगा वयाने लहान नाही. पण मुलाचा शिक्षणावरील हक्क आणि कुटुंबाचा मुलावरील हक्क यांची टक्कर मराठी कथेत इतक्या उघडपणे क्वचितच मांडली गेली आहे.

या कथेत बाप खलपुरुष नाही, हे महत्त्वाचे. त्याच्या हट्टामागे भूक आहे, हमखास पगाराची ओढ आहे, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम वाट्याला आल्याने आलेली हतबलता आहे. पण म्हणूनच कुटुंब हे येथे जातिव्यवस्थेचे हस्तांतरण करणारे यंत्र म्हणून दिसते. धंदा बापाकडून मुलाकडे जातो तो प्रेमाच्या, कर्तव्याच्या, घर चालविण्याच्या भाषेत. ‘हातभार’ या शब्दाचे दुसरे टोक येथे सापडते : ज्या घरात श्याम आहे तेथे हातभार मुलाला घडवितो, ज्या घरात बागुलांचा नायक आहे तेथे तोच हातभार मुलाला त्याच्या जन्माच्या जागी खिळवून ठेवतो. कुटुंबाला दिलेली कायदेशीर सवलत जातिव्यवस्थेच्या समाजात तटस्थ राहू शकत नाही, हे बागुलांची कथा कोणत्याही आयोगापेक्षा स्वच्छपणे सांगते.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) हाच ताण वेगळ्या रीतीने येतो. येथे बाप मुलाला शाळेत घालू पाहतो. पण कैकाडी कुटुंबाची टोपल्या विणण्याची उपजीविका गावोगाव फिरण्यावर अवलंबून आहे, आणि शाळा मात्र एका जागी उभी आहे. शाळेने गृहीत धरलेले मूल हे स्थिर घराचे, रिकाम्या दिवसाचे मूल आहे. सक्तीच्या शिक्षणाचे कायदे हजेरी मागतात; हजेरीच्या अलीकडची व्यवस्था ते मागत नाहीत. गोखले यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले, शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, १९१८ साली मुंबई प्रांतात नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. या क्रमात प्रगती आहे; तरी १८८२ साली फुल्यांनी विचारलेला मुलाच्या दिवसाच्या किमतीचा प्रश्न ‘उपरा’मध्ये जवळपास शंभर वर्षांनी तसाच्या तसा भेटतो.

नारायण सुर्वे यांनी या कोंडीला काव्यात्म उत्तर दिले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढविलेल्या या मुलाने घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, गिरणीतील कामगार अशी कामे केली. पुढे शाळेत शिपाई आणि नंतर शिक्षक म्हणून काम केले. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाचे नाव गॉर्कीच्या आत्मचरित्रातील तिसऱ्या भागाची आठवण करून देते. रस्ता, गिरणी आणि संप यांनाच विद्यापीठ म्हणण्यात वंचिताचा स्वाभिमान आहे, आणि औपचारिक विद्यापीठाला दिलेले आव्हानही. पण या रूपकाच्या गैरवापराची भीती बाळगायला हवी. जो कवी स्वतः शाळेत शिकवायला गेला, त्याच्या या शब्दाचा अर्थ ‘शाळा नसली तरी चालते’ असा लावणे म्हणजे त्याला श्यामच्या शेजारी नेऊन बसविणे होय. सुर्व्यांच्या रूपकात अभाव मिटत नाही; अभावावर मात केल्याचा ताण प्रत्येक ओळीला ओढून धरतो.

६

येथवर येताना आपण एक मर्यादा अनुल्लेखित ठेवली आहे, तिचा उल्लेख करून हे विवेचन आवरते घेऊ. साने गुरुजी, बागूल, माने, सुर्वे ही नावे एकमेकांपासून कितीही दूर असली तरी एका बाबतीत ती एकत्र येतात : हे सर्वजण कोणत्या ना कोणत्या मार्गाने अक्षरापर्यंत पोहोचले. आत्मकथनाची पूर्वअट शाळा ही आहे. जे सुटले त्यांनीच सांगितले. जे मूल विडीच्या सुपापाशीच मोठे झाले, त्याचे कथन आपल्यापाशी नाही. असलेच तर दुसऱ्याच्या कथनात, भाऊ शाळेत जात असताना घरी राहिलेल्या बहिणीच्या रूपाने, एखाद्या वाक्यापुरते. आणि ही अनुपस्थिती प्रामुख्याने मुलींची आहे. श्याम पत्रावळ शिकतो याची गोष्ट होते. तेच काम एखाद्या मुलीने केले असते तर त्याची गोष्ट झाली असती काय, हा प्रश्न विचारून पाहावा. मुलीच्या हाताला काम येणे हे घडणे मानले जात नाही, ते असणेच मानले जाते. ‘हातभार’ हा शब्द सर्वांत अधिक लपवितो तो तिच्याच श्रमांना.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवण्यास बंदी घातली. १८८१ च्या सात वर्षांपासून येथपर्यंतचे अंतर लहान नाही. परंतु याच दुरुस्तीत, धोकादायक ठरविलेली कामे वगळता, मुलाने शाळा सुटल्यावर वा सुटीत आपल्या कुटुंबाला किंवा कौटुंबिक उद्योगाला ‘मदत’ करण्याची मुभा राखलेली आहे. ‘मदत’ हा येथे आलेला शब्द म्हणजे ‘हातभारा’चाच राजपत्रातील अवतार. फाटकावरून निघालेली कायद्याची नजर आता सर्व फाटके ओलांडून आली आहे, पण घराच्या उंबरठ्यापाशी ती पुन्हा आदराने थबकते. हा आदर तिने कोठून घेतला, याचा शोध घेताना आपल्याला वाङ्‌मयाच्या इतिहासाकडे यावे लागते.

यावरून ‘श्यामची आई’ अभ्यासक्रमातून काढावी असा निष्कर्ष कोणी काढू नये. तिचे वाचन बदलावे, एवढीच मागणी आहे. पदव्युत्तर वर्गात ‘पत्रावळ’ शिकविताना शेजारी ‘विद्रोह’ ठेवावी, आणि दोन्हींच्या आधी फुल्यांचे १८८२ चे निवेदन ठेवावे. तेव्हा विद्यार्थ्याला पहिला प्रश्न सुचेल तो मूल्यांचा नसेल. हे पान कोणाचे, ते कोठे जाणार आणि ते वळणाऱ्या हाताला थांबता येते काय, असा असेल. या प्रश्नांनी श्यामच्या आईचे वात्सल्य उणे होत नाही. उलट ज्या आयांना तसे वात्सल्य करायला सवडच मिळाली नाही, त्यांची गैरहजेरी त्या पुस्तकाच्या समासात दिसू लागते. मराठी समीक्षेने आपली दोन दालने जोडणारे दार उघडायचे ठरविले, तर ते याच समासातून उघडावे लागेल.